दारातलं दगडी झाड

नांदेडला आमची लाकडाची वखार होती. गिऱ्हाईक आलं की अब्बा ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर थोडं पाणी मारायचे, अंगठ्यानं पुसायचे आणि सांगायचे, हे सागवान, हा ऐन, ही धामण, कुऱ्हाडीच्या दांड्याला घेऊन जा, नातवापर्यंत टिकेल. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झालो, लातूरच्या एका कॉलेजात उभी हयात काढली, आणि काम मात्र तेच केलं. ओंडक्याच्या तोंडावर पाणी मारायचं आणि झाड ओळखायचं. फरक इतकाच की माझे ओंडके साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच दगड झालेले होते आणि त्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

अब्बांना हा धंदा शेवटपर्यंत पटला नाही. "अरे मियाँ, पत्थर जलता नहीं, पत्थर का दरवाजा बनता नहीं, फिर उसकी जात पूछके करते क्या?" असं ते चारचौघांत विचारायचे आणि वखारीतले हमालसुद्धा हसायचे. मी त्यांना समजावून सांगायचो. आपला हा सगळा काळा दगड म्हणजे लाव्हा. तो एकदम ओतला गेला नाही, थरावर थर आला. दोन थरांच्या मधे मोठी उसंत असायची. त्या उसंतीत तळी साचली, झाडं वाढली, आणि मग पुढचा थर आला. काही झाडं तळ्याच्या चिखलात गाडली गेली होती. त्यांच्या लाकडात गारगोटी विरघळलेलं पाणी मुरलं आणि पेशी पेशीचा दगड झाला. अब्बा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अच्छा. फिर?" ह्या "फिर"चं उत्तर माझ्याजवळ कधीच नव्हतं.

बाकी लोकांचं बरं होतं, त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं. बिलोलीकडचे एक गृहस्थ एसटीतून मांडीवर एक गोल दगड घेऊन आले. तो अश्मीभूत फणस आहे, असं लिहून द्या म्हणाले. तो काळ्या दगडाचाच झिजलेला गोळा होता, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "सर, तुमी अजून एकदा बघा, मी चहा पिऊन येतो." चहा पिऊन आले, मी पुन्हा गोळाच म्हटलं, तर जाताना माझ्या शिपायाला सांगून गेले की ह्या सरांचा अभ्यास कच्चा आहे. माहूरला देवळाच्या पायऱ्यांखाली एकजण दगडी लाकडाचे तुकडे विकायचा. ते खरे होते, पण कुठून आणले ते तो सांगत नसे. जागा माहीत नसलेला जीवाश्म आमच्या काही उपयोगाचा नसतो. मी दर वेळी त्याच्यासमोर उकिडवा बसून हळहळायचो आणि तसाच उठायचो.

मला शोध होता धामणीचा. धामण म्हटलं की आपल्या लोकांना साप आठवतो, म्हणून सांगतो, मी झाडाबद्दल बोलतोय. धामणीची बहुतेक भावंडं आज आफ्रिकेत आणि भारतात आहेत. मग हे कूळ मुळात निघालं कुठून आणि इथं आलं कधी, हा प्रश्न. झाडांच्या कुळाचा माग काढायला पूर्वी दोनच वाटा होत्या. जिवंत झाडाची ठेवण पाहायची, म्हणजे फूल, पान, फळ, लाकूड. आणि मेलेल्या झाडाचा दगड पाहायचा. दगडात फूल क्वचित सापडतं. लाकूड सापडतं.

दगडी लाकूड वाचायचं तर त्याचे तीन बाजूंनी पातळ काप घ्यावे लागतात. एक आडवा, ओंडका कापल्यासारखा. एक सालीला समांतर. आणि एक सालीपासून थेट गाभ्याकडे जाणारा, उभा. काप काचेला चिकटवायचा आणि काचेच्या पाट्यावर कुरुंद दगडाची पूड आणि पाणी घालून घासत बसायचं. किती? खाली वर्तमानपत्र ठेवलं तर कापातून अक्षर वाचता आलं पाहिजे, इतका. त्याच्या अलीकडे थांबलात तर काही दिसत नाही, पलीकडे गेलात तर काही उरत नाही. धामणीच्या कुळाची खरी ओळख त्या तिसऱ्या, उभ्या कापात असते. तिथं पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसतात, आडव्या विटांच्या थरांमधे उभ्या, रिकाम्या विटांची ओळ. ही ओळ फार थोड्या झाडांत सापडते.

दिगंबररावांचा दगड मला ह्या शोधात भेटला. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी मी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो. मांडवाशेजारच्या घराचा उंबरा पाहिला आणि जेवायचं विसरलो. सगळ्या गल्लीत काळे दगड, आणि हा एकटा तपकिरी, अंगावर लाकडाच्या रेषा. मी माझ्या पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं. रेषा उठून आल्या. तेवढ्यात घरमालक बाहेर आले, आणि एक परका माणूस आपल्या उंबऱ्यावर पाणी ओतून त्याला कुरवाळतोय हे पाहून दारातच थांबले. ते दिगंबरराव. दगड त्यांच्या आजोबांना शेतात विहीर खोदताना सापडला होता. विहीर त्यांनी मला त्याच दिवशी दाखवली. म्हणजे जागाही कळली. मला तर ईद झाल्यासारखं वाटलं.

उंबऱ्याचा एक टवका पूर्वी कधीतरी गाडीच्या चाकाचा धक्का लागून उडाला होता. तो दिगंबररावांच्या बायकोनं, कमलबाईंनी, भिंतीतल्या देवळीत जपून ठेवला होता. उंबऱ्याचा तुकडा फेकू नये म्हणून. तो त्यांनी मला दिला. त्यातून मी आडवा काप घेतला, सालीलगतचा घेतला. दोन्ही धामणीच्या बाजूचे. तिसरा घासत होतो आणि वीज गेली. खिडकीशी नेऊन घासू लागलो, घाई होती, पुन्हा वर्तमानपत्रावर धरून पाहायला कंटाळलो, आणि हाताखाली काचेवर नुसतं दुधाळ पाणी राहिलं. ह्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हातून हे होतं. माझ्या हातून नेमका तोच काप गेला, आणि टवक्यात आणखी काप निघेल एवढं काही उरलं नव्हतं.

मी पुन्हा गावी गेलो. उंबऱ्याच्या मागच्या कडेचा काड्यापेटीएवढा तुकडा हवा होता. दिगंबरराव तयार होते. कमलबाई नव्हत्या. घरात महालक्ष्म्या बसलेल्या होत्या, उंबऱ्यापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढलेली होती आणि उंबऱ्याला हळदीकुंकवाची बोटं.

"गुरुजी, ह्या उंबऱ्यावरून लक्ष्म्या आत आल्यात," त्या म्हणाल्या. "मी बी ह्याच्यावरच माप लवंडून आले. ऐन सणात त्याला छन्नी लावू व्हय? गणपती उठू द्या. उठले की दुसऱ्या दिशी या. मी सोता काढून दीन."

मी गणपती उठायची वाट पाहिली. छन्नी, हातोडी, खडू पिशवीत भरून ठेवले. गणपती उठले, आणि त्याच रात्री, पहाटे भूकंप झाला.

मी निघालो तो दुसऱ्या दिवशी, कॉलेजच्या मुलांबरोबर ट्रकमध्ये, भाकरी आणि चादरी घेऊन. औसा सोडल्यावर पाऊस सुरू झाला. गाव जिथं असायला हवं होतं तिथं दगडांचा आणि मातीचा माळ झाला होता. त्या भागातल्या भिंती हातभर रुंद, दगड मातीत रचलेले, वर मातीचं जड माळवद. सगळं एकात एक बसलं होतं. गल्ली कुठली आणि घर कुठलं, काही सांगता येत नव्हतं. लष्कराचे जवान खणत होते. दिगंबरराव एका ढिगावर बसलेले दिसले. ते त्या रात्री शेतात जागलीला होते, म्हणून वाचले. घरात कमलबाई आणि दिगंबररावांची आई होत्या. मुलगी औशाला सासरी होती.

"सर, माझं घर सापडंना," ते म्हणाले.

माणूस आपलं घर विसरत नाही. पण त्यांनी जवानांना दोन-तीन ठिकाणं दाखवली होती आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचंच घर निघालं होतं. आता जवानही त्यांच्याकडे लक्ष देत नव्हते. दिगंबररावांनी माझा दंड धरला.

"सर, तुमचा दगड हुडका. तो घावला की दार घावलं. दार घावलं की ती कुठं निजती ते मी डोळे झाकून सांगतो."

मी डबडं घेतलं. खड्ड्यातलं पाणी भरायचं, दगडावर ओतायचं, अंगठ्यानं पुसायचं, पुढे जायचं. चिखलानं सगळे दगड एका रंगाचे झाले होते, धुतल्याशिवाय ओळखू येत नव्हते. एका जवानानं ओरडून विचारलं, "प्रोफेसर साहब, पत्थर क्यों धो रहे हो?" मी पुढच्या दगडावर पाणी ओतलं. आयुष्यात मी हजारो दगडांवर पाणी मारलं असेल, पण त्या दिवशी जसं भीक मागत मारलं तसं कधी मारलं नाही. अखेर एका तुळईखाली हात घातला, पाणी सोडलं, आणि चिखल वाहून जाताना रेषा दिसल्या. उंबरा जागचा हललेला नव्हता.

दिगंबरराव उंबऱ्यावर पाय ठेवून उभे राहिले. डावीकडे वळले, देवळीची भिंत कुठं होती ते हवेत हातानं दाखवलं, आणि म्हणाले, "हितं."

कमलबाई तिथं नव्हत्या. उंबऱ्याच्या आत, अगदी लगत सापडल्या. उठून दाराकडे निघालेल्या होत्या. त्यांचा हात उंबऱ्यापासून वीतभर लांब होता. आई आत खाटेवर सापडली. त्यानंतर मी कितीतरी दिवस कुठल्याच दगडावर पाणी मारू शकलो नाही.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा दिगंबररावांनी उंबरा आणून शेडच्या बाहेर ठेवला होता. म्हणाले, "घेऊन जा सर. पत्र्याला उंबरा नसतो. तिनं सांगितलं होतं ना, गणपती उठल्यावर या म्हणून. उठले की गणपती." माझ्याबरोबरच्या मुलांनी दगड जीपमध्ये चढवला.

तो मी प्रयोगशाळेत खिडकीखाली ठेवला, आणि कापला नाही. करवतीचं पातं आणलं, खडूनं रेष मारली, पुसून टाकली. त्या रेषेच्या वीतभर पलीकडे कुणाचा हात होता ते मला माहीत होतं. दर शनिवारी मी दगड ओल्या फडक्यानं पुसायचो. माझ्या निबंधात धामणीच्या नावापुढं प्रश्नचिन्ह राहिलं, आणि प्रश्नचिन्हाला आमच्याकडे कोणी विचारत नाही.

मधल्या काळात तिसरी वाट उघडली, जनुकांची. माझी जुनी विद्यार्थिनी मंजूषा परराज्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत लागली. ती फोनवर भडाभडा सांगायची. आम्ही इतकी वर्षं फुलांची ठेवण पाहून धामणीला तागाच्या पंगतीत बसवत होतो. जनुकांनी ती पंगतच मोडली. धामण, ताग, कापूस, भेंडी, अंबाडी, काटेसावर, सगळी एकाच मोठ्या घरातली निघाली. मला ते ऐकून हसू आलं. आमच्या मराठवाड्यात कुऱ्हाडीचा दांडा, अंगावरचा सदरा आणि ताटातली भाजी एकमेकांचे भाऊबंद, आणि आम्हाला पत्ता नाही.

"पण सर, जनुकं नुसता क्रम सांगतात," ती म्हणाली. "कोण आधी वेगळं झालं, कोण नंतर. केव्हा, ते सांगायला वय माहीत असलेला एक तरी दगड लागतो. तुमचा तिसरा काप द्या. धामणीची तारीख तुमच्या उंबऱ्यावरून लावू."

मी बघतो म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा बघतो म्हणालो. शेवटी तिनं दुसऱ्या कुठल्यातरी देशातला, वयानं लहान, पण खात्रीचा दगड वापरला. तिचं काम अडलं नाही. दगडाचा अभ्यास करणाऱ्याला वाटतं की आपल्याकडे खूप वेळ आहे, तसं माझं झालं.

इकडे लातूर बदलत होतं. भूकंपानंतर पडक्या गावांच्या जागी नवी गावं बसली, आणि शहरात क्लास बसले. नव्या गावांत सगळी घरं सारखी आणि शहरात सगळी पोरं सारखी, पाठीवर दप्तर, हातात प्रश्नसंच. चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक लागले, त्यासाठी रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटल्या. माझ्या वर्गात नाव सगळ्यांचं असायचं, हजेरी कुणाची नाही. कधी एखादी मुलगी चुकून प्रयोगशाळेत यायची. मी हौसेनं सूक्ष्मदर्शक लावून द्यायचो. ती पाहायची आणि विचारायची, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"येत नाही."

"मग?"

उद्धटपणा नव्हता त्यात. अब्बांचा "फिर"च पुन्हा माझ्यासमोर आला होता. ह्या मुलांचा मला राग येत नसे. त्यांच्या घरांत कुणीतरी कधीतरी ढिगाऱ्याखाली गेलेलं असायचं, किंवा शेतीच्या कर्जाखाली. त्यांना लवकर बाहेर पडायचं होतं, दार दिसत होतं तिकडे ती पळत होती.

मी निवृत्त झालो आणि प्रयोगशाळेला प्लायवूडच्या आडभिंती लागल्या. कॉलेजनं ती भाड्यानं दिली, सकाळी तिथं क्लासची तुकडी बसू लागली. माझ्या काचपट्ट्या खोक्यांत भरून मी घरी आणल्या. उंबरा जड, तो व्हरांड्यात गेला. नंतर न्यायचा म्हणून राहिला तो राहिलाच. मुलं त्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधायची. कुणीतरी त्यावर पांढऱ्या रंगानं बाण काढून "बॅच ब, वरचा मजला" असं लिहिलं.

दिगंबररावांची नात त्याच तुकडीत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मुलीची मुलगी. आजोबा औशाहून एसटीनं तिचा डबा घेऊन येऊ लागले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी व्हरांड्यात आपला उंबरा पाहिला. कुणाकुणाला विचारत माझ्या घरी आले. पाणी घेतलं नाही.

"सर, दगड कापला कुठून? मी सगळीकून हात फिरवला. कुठंच कापल्याचं दिसंना."

"कापला नाही दिगंबरराव. नुसता पुसत राहिलो, हिंमत झाली नाही. वहिनींचा..."

"मग मी दिला कशाला?"

त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो कधी चढला नव्हता. घरातली माणसं दारात आली.

"तुमाला वाटलं दिगूचं दुःख हाय, हात लावू नी. अन् मला वाटत होतं, कुठल्या तरी बुकात छापून आलं आसंल, कमलच्या दारात अमकं झाड होतं. ती गेली, आई गेली, घर गेलं. म्हटलं एवढं तरी कुणाच्या कामाला यील. तिनं जबान दिली होती तुमाला. सोता काढून दीन म्हणली होती का न्हाई? ती जबान तुमी पुरी होऊ दिली न्हाई. पुसत बसलाव. अन् आता पोरं त्याच्यावर बूट बांधून राहिलीत!"

मला वाटत होतं मी दगड जपला. मी उठून चपला घातल्या.

टेम्पो करून दगड शहराबाहेरच्या ग्रॅनाइटवाल्याकडे नेला. तिथं होस्टेलांच्या स्वयंपाकघरांचे ओटे कापले जातात, रांग लागलेली असते. त्यानं विचारलं, "ओटा का जिना?" दिगंबरराव म्हणाले, "उंबरा." मी पाणी मारून रेषा पाहिल्या, सालीकडून गाभ्याकडे खडू ओढला. दिगंबररावांनी दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि मागे सरले. पातं फिरलं, पाणी उडालं, तपकिरी गाळ वाहिला. ते तोंड फिरवून उभे राहिले, पण तिथून हलले नाहीत. उरलेला उंबरा त्यांनी त्याच टेम्पोतनं नव्या गावी लावून दिला.

मी आठवडाभर घासत होतो. हात आता थरथरतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दिगंबरराव नातीचा डबा पोचवला की माझ्याकडे येऊन बसायचे आणि काचेवर चमच्यानं पाणी सोडायचे. शेवटच्या दिवशी मी चार-दोन फेऱ्या घासायचो आणि काप वर्तमानपत्रावर धरायचो. पान क्लासच्या जाहिरातीचं होतं, नुसते चेहरे. आधी काही नाही. मग डाग. मग दगडाच्या आतून एका मुलीचा चेहरा स्पष्ट दिसला, अगदी वेणीसकट. मी हात उचलला.

सूक्ष्मदर्शक माझा जुनाच, कॉलेजनं भंगारात काढलेला. मी पाहिलं. विटांची ओळ तिथं होती. मला आनंद झाला का, असं विचाराल तर नाही. हे कुणाला सांगायचं, तेच आठवत बसलो. मग उठलो आणि दिगंबररावांना खुर्ची दिली.

ते वाकले आणि डोळा भिंगाला लावला.

"सर, ही तर भिंत हाय."

"हो. विटांसारख्या पेशी आहेत. त्यावरूनच ठरतं. धामण होती ती."

"धामण," ते पुटपुटले. डोळा भिंगालाच होता. "किती वर्सं म्हणलाव?"

"साडेसहा कोटी."

"अन् वरून ते जळतं, लाव्हा का काय, पडलं?"

"पडलं."

"अन् जमीन बी हलली आसंल."

"हलली असणार."

त्यांनी डोळा वर केला. चष्मा काढून धोतराला पुसला, पण घातला नाही.

"तरी भिंत उभी हाय बघा," ते म्हणाले. "आमचीच तेवढी पडली, सर."